उसना श्वास

आमच्या गल्लीतल्या आठ पुरुषांना एकाच दिवशी एकच कॅन्सर झाला. फुप्फुसाचा. आणि आठांतल्या एकालाही तो झालेला नव्हता.

थट्टा वाटली ना? तालुक्याच्या दवाखान्यातल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनाही हे कोडं उलगडत नव्हतं, तुमचं काय घेऊन बसलात. बसा, सांगते सगळं. दोन हजार त्रेचाळीस सालची गोष्ट आहे, फार जुनी नाही.

मी त्रिशला चौगुले. गल्लीत मला सगळे आक्का म्हणतात, वयानं माझ्याहून थोर असलेलेसुद्धा. प्रेमानं म्हणतात की माझ्या तोंडाच्या भीतीनं, ते मी कधी विचारलं नाही. हुपरीच्या पलीकडं आमची माळवाडी. गाव चांदीवर जगतं. पण आमच्याकडं अख्खं पैंजण एक माणूस कधीच करत नाही. एका घरात तार ओढतात, दुसऱ्यात कड्या वळतात, तिसऱ्यात घुंगरं बसवतात, चौथ्यात चकाकी देतात. मधलं कड्यांचे सांधे जोडायचं काम माझं. समोर दिव्याची ज्योत, हातात चिमटा, तोंडात पितळी फुंकणी. फुंकर घालून ज्योत बारीक करायची, ती नेमकी सांध्यावर धरायची, आणि श्वास तुटू द्यायचा नाही. तुटला की कडी वितळली म्हणून समजा. गॅसची यंत्रं येऊन जमाना झाला, पण अगदी नाजूक कामाला व्यापारी अजून माझ्याकडंच यायचे.

ह्या असल्या धंद्यामुळं आमच्या गावाला एक खोड लागलेली आहे. कामाचा जो भाग आपल्याला जमत नाही, तो शेजारच्या घरी द्यायचा. मुलीचं स्थळ बघायचं असो की तहसीलदाराशी भांडायचं असो, ते काम ज्याला जमतं त्याच्याकडं जातं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

त्या वर्षी सरकारनं नियम काढला. भट्टीवर किंवा ज्योतीवर काम करणाऱ्या प्रत्येक नोंदलेल्या कारागिरानं वर्षातून एकदा 'श्वासवेध' करून घ्यायचा. घरी एक नळी यायची, वीतभर लांबीची, आतून बर्फासारखी गार. तिच्यात श्वास सोडायचा आणि झाकण लावून परत द्यायची. श्वासातली वाफ आत थिजून तिचे थेंब होतात. माणसाच्या फुप्फुसात काय चाललंय त्याचा माग त्या थेंबांत असतो. कॅन्सरच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा वेगळं खातात, वेगळं टाकतात, आणि मरताना आपले बारीक तुकडे मागं सोडतात. तालुक्याचं यंत्र ते तुकडे वाचायचं, आणि गाठ डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी सांगायचं की आत काहीतरी आहे.

चांगलीच गोष्ट होती. पण नियमाला शेपूट होतं. नळीत दोष सापडला तर तपास पुरा होईस्तोवर त्या माणसाचा कामाचा परवाना बंद. आता आमच्या गल्लीत विडी न ओढणारा बाप्या दाखवा. परवान्याचं ऐकलं आणि एकेकाचं तोंड उतरलं.

माझ्या नावाची नळी आलीच नाही. नोंदलेला कारागीर म्हणजे पुरुष. बायका जे करतात ते घरकाम, मग ते ज्योतीवरचं का असेना. खरं सांगायचं तर मलाही त्याचं काही वाटलं नाही. म्हटलं, एक कटकट टळली.

एका सकाळी भूपालअण्णा खोत माझ्या सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, आले. भूपालअण्णा म्हणजे आमच्या गल्लीचे कामवाटे. व्यापाऱ्याकडून माल आणून घरोघरी देणं हा त्यांचा धंदा. मागं बाकीचे सात जण, वरातीसारखे. त्यात माझा धाकटा भाऊ भरमूही होता.

"आक्का, तुमचं काम आणलंय," म्हणत अण्णांनी माझ्यासमोर चटईवर आठ नळ्या मांडल्या.

"हे कसलं काम?"

"फुंकायचं."

मला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा मी त्यांना असं काही झापलं की दारातली मांजर पळाली. म्हटलं, "लाज वाटत न्हाई? परीक्षेला दुसऱ्याला बसवताय व्हय? तुमच्या नळ्या तुम्ही फुंका."

"आमच्या छातीत काय भरलंय ते आम्हाला ठावं हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. त्यांना माझ्या शिव्यांची सवय आहे. "तुम्ही बघा. विडी न्हाई, तंबाखू न्हाई, मशेरी न्हाई. दिवस मावळायच्या आत जेवता. तुमच्याएवढा साफ श्वास अख्ख्या गावात कुणाचा हाय सांगा. आणि फुंकायचं म्हटलं की तुमच्यापुढं कोण?"

स्तुती केली की माणूस पघळतं, मी काय वेगळी. तरी मी नाही म्हणणार होते. पण तेवढ्यात भरमूला खोकल्याची उबळ आली. खांबाला धरून तो खोकत राहिला. हा माझा भाऊ. आई गेली तेव्हा एवढासा होता. मी विधवा होऊन माहेरी परत आले ते त्याच्याच घरी. त्याचं लग्न मीच लावलं. तो आणि त्याची बायको शालन माझ्या भिंतीपलीकडंच राहतात. भरमूची चांदी वितळवायची भट्टी आहे. ती बंद पडली तर पुढच्या प्रत्येक घराचं काम बंद.

मी नळी उचलली. एका नळीला एक लांब श्वास. शेवटच्या नळ्या भरताना मला थोडी धाप लागली. म्हटलं, वय झालं.

नळ्या गेल्या. मी विसरूनही गेले. मग एक दिवस आठही जण अण्णांच्या गाडीतून कुठंतरी निघाले. "बाहुबलीला दर्शनाला जातोय," भरमू म्हणाला. त्याला देवाची एवढी ओढ कधीपासून लागली, असं मी विचारणार होते, पण गाडी गेलीसुद्धा. दुपारी परत आले ते मयताहून आल्यासारखे. प्रसाद मागितला तर एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

आणि मग सगळे माझ्याशी गोड वागायला लागले. भरमू माझ्याशी भांडल्याशिवाय जेवत नाही, तो मुकाट्यानं जेवून स्वतःचं ताट विसळायला लागला. सण ना वार, अण्णांच्या घरून पुरणपोळ्या आल्या. समोरचा जिनगोंडा, आठांतलाच एक, मला बघितलं की रस्ता बदलायचा. मी भरमूला धरलं.

"तालुक्याला बोलावलं होतं ना तुम्हाला? काय सांगितलं?"

"काय न्हाई. जरा सर्दी हाय म्हणाले."

"सर्दीला आठ जणांना एकदम बोलावत्यात व्हय रं?"

तो उठून गेला. माझ्या मनात आलं, ह्या मेल्यांच्या श्वासात नाही तर आणखी कशात काहीतरी सापडलंय, आणि मला सांगत नाहीत. आमच्यात रीतच आहे तशी. मोठं दुखणं निघालं की ते नाव घरात कुणी घ्यायचं नाही. आईला काय झालं होतं ते मला ती गेल्यावर सहा महिन्यांनी कळलं. तोवर सगळे 'पोटात उष्णता' म्हणत होते. त्यामुळं भरमू गप्प झाला की मला आईची ती 'उष्णता' आठवायची. मी रात्रंदिवस त्याच्याच काळजीत होते. माझी काळजी करायचं मला कारणच नव्हतं.

मग डॉक्टर रेहाना मुजावर आल्या. तालुक्याच्या श्वासवेधाच्या प्रमुख. तिशीतली पोरगी, कोल्हापूरचीच, बोलायला मोकळी. खांद्यावर हवा तपासायचं यंत्र लटकवून त्या गल्लीत घरोघरी फिरत होत्या, आणि मागं आठही जण, पोरीच्या लग्नात घाबरलेला बाप फिरतो तसे. माझ्या दाराशी आल्यावर अण्णा पुढं झाले.

"इथं काय न्हाई मॅडम. बायकांचं काम हाय इथं."

"मग बायकांचं बघते की," म्हणत त्या आत येऊन माझ्यासमोर चटईवरच बसल्या. मी ज्योतीवर काम करत होते. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "आक्का, हे जोडकामाचं मिश्रण वितळतं तेव्हा धूर येतो ना, तो मला तपासायचाय. ह्या गल्लीत मला कारण शोधायचंय."

"कशाचं कारण?"

त्यांनी दारात उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं. "नावं सांगता येणार नाहीत. पण गल्लीला कळायला हवं. ह्या गल्लीतल्या आठ नळ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर सापडलाय."

माझ्या हातातली फुंकणी खाली पडली. नावं कशाला हवी होती मला? माझा भरमू त्यात होता. नळ्यांत श्वास माझा होता हे भीतीपोटी ध्यानातच आलं नाही. आई गेली त्या दिवशी तो माझ्या कुशीत झोपला होता, तेच डोळ्यांसमोर आलं. मी विचारलं, "वाचतील का हो?"

"आक्का, कॅन्सर म्हटलं की लोक एकदम स्मशानापर्यंत जातात," त्या म्हणाल्या. "फुप्फुसाचा कॅन्सर हे नुसतं आडनाव आहे. एका आडनावाच्या घरात जशी वेगवेगळ्या स्वभावाची माणसं असतात, तसं आहे ते. एक असतो लहान पेशींचा. तो फार तापट. भराभर वाढतो, लवकर अंगभर पसरतो, आणि जवळजवळ नेहमी विडी-सिगारेटवाल्यांनाच होतो. त्याच्यावर बहुतेक वेळा कापाकापी करत नाहीत, औषधं आणि किरणं देतात. दुसरा खपली-पेशींचा. तो मोठ्या श्वासनळ्यांच्या अस्तरात बसतो, छातीच्या मधल्या भागात. हाही धुराचाच सोबती. तिसरा ग्रंथीपेशींचा. तो फुप्फुसाच्या कडेला, आडबाजूला वाढतो. सगळ्यांत जास्त हाच आढळतो. विडीवाल्यांना होतो, पण ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही त्यांना झालाच तर बहुधा हाच होतो. बायकांमध्येही जास्त करून हाच. आणखी थोडे दुर्मीळ प्रकार आहेत, ते सोडा. प्रत्येकाचं औषध वेगळं. एकाचं दुसऱ्याला देऊन चालत नाही."

हे मात्र मला लगेच समजलं. आमच्या धंद्यातही पांढरं दिसतं ते सगळं चांदी नसतं. कथलाला चांदीची धग दिली तर हातात काही राहत नाही.

"ह्या नळ्यांत ग्रंथीपेशींचा आहे," त्या पुढं म्हणाल्या. "आणि त्यातही चांगली गोष्ट अशी की कशामुळं तो वाढतोय ते नेमकं सापडलंय. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं एक बटण असतं. काम झालं की ते बंद होतं. ह्यात ते अडकून कायमचं चालू राहिलंय. ते बटण धरून बंद करणारी गोळी आपल्याकडं आहे. शिवाय नळीवरून वाटतं की गाठ अगदी लहान आहे. आत्ता सापडली तर कापून काढता येईल. मग वाचतील का असं विचारायलाच नको."

माझ्या जिवात जीव आला. पण त्यांच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"मग घोडं अडलं कुठं?" मी विचारलं.

"आठही नळ्यांत तोच प्रकार आहे. आठही जण विडीवाले, आणि एकाचाही खपलीचा नाही. तेही सोडा. प्रत्येक गाठ वाढताना स्वतःच्या चुका करत जाते. पेशी आपली नक्कल काढते, ती नक्कल कुठंतरी चुकते, मग त्या चुकीचीही नक्कल निघते. त्यामुळं जगात दोन माणसांच्या गाठी तंतोतंत सारख्या नसतात. जुळ्या भावांच्याही नसतात. ह्या आठ गाठींच्या चुका मात्र अगदी एकसारख्या आहेत. आम्ही यंत्र तपासलं, नळ्या पुन्हा वाचल्या. काही चुकलेलं नाही. म्हणून वाटलं, गल्लीच्या हवेतच काहीतरी असेल. पण हवेनंही असं होत नाही. हे कोडं सुटेपर्यंत परवाने बंद करायचा कागद मी अडवून ठेवलाय."

"मग यंत्रालाच विचारा की, कुणाचा श्वास हाय ते."

"तेच कायद्यानं बंद आहे. नळीतून माणसाची ओळख काढायची नाही. लोकांचा श्वास घेऊन सरकारनं त्यांच्यावर पाळत ठेवू नये म्हणून. आम्ही गाठीच्या खुणा वाचतो आणि बाकी सगळं न वाचता नष्ट करतो. छातीचं स्कॅनिंग केलं असतं तर उलगडा झाला असता. पण स्कॅनिंगला आठांतला एकही तयार नाही. भूपालअण्णांचं एकच, आधी गोळ्या द्या."

मी दाराकडं बघितलं. आठ माणसं आपल्या पायाच्या अंगठ्यांकडं बघत उभी होती. एकटा भरमू माझ्याकडं बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

कळायला तेवढं पुरलं. पुरणपोळ्या कळल्या, विसळलेलं ताट कळलं, सगळं कळलं. हाताला काहीतरी करायला हवं म्हणून मी दिवा विझवला.

"डॉक्टरीणबाई," मी म्हणाले, "आठ माणसं शोधू नका. एकच हाय. त्या आठ नळ्या मी फुंकल्यात."

मग माझी जीभ सुटली.

"कधीपासनं ठावं हाय तुम्हाला? दर्शनाला गेला होता तेव्हापासनं?"

"आक्का, तिथं डॉक्टरीणबाईंनी आठांनाही एकच सांगितलं," अण्णा म्हणाले. "तिथंच आम्हाला उमगलं. तुम्हाला धक्का बसू नये म्हणून ठरवलं, गोळ्या आमच्या नावावर घ्यायच्या आणि तुम्हाला टॉनिक म्हणून द्यायच्या. परवान्याचं म्हणाल तर..."

"परवान्याचं मी काय म्हणणार? ते तुम्हीच म्हणा. आठ जणांचे परवाने एका पारड्यात आणि मी दुसऱ्यात. बघा तोलून."

डॉक्टर मुजावर अण्णांना म्हणाल्या, "तुमच्या टॉनिकनं काय झालं असतं सांगू? गाठ दबली असती. सगळ्यांना वाटलं असतं, आक्का बऱ्या आहेत. गोळी गाठ दाबून धरते, कायमची घालवतेच असं नाही. आज ती काढता येण्याएवढी लहान असेल, तर ती वेळ तुम्ही घालवली असती. आणि ती परत आली असती तेव्हा आक्कांना कळलंही नसतं की काय परत आलं."

अण्णा मटकन उंबऱ्यावर बसले. त्यांची मला कीव आली, पण दाखवली नाही. माझा राग त्यांच्यावर नव्हताच. मी भरमूकडं वळले.

"ते परके. तू? माझ्या हातचं रोज जेवत होतास, आणि गप्प होतास?"

"आक्का, रोज सांगायला यायचो," भरमू म्हणाला. "परवाना गेला खड्ड्यात, त्याचं काय न्हाई. पण तुझ्यासमोर तो शब्द तोंडातनं निघंना. आपल्यात कुणी सांगतच न्हाई गं. आईचं मला तरी कुणी सांगितलं होतं? दाराशी बसून होतो मी, मला म्हणाले, आई झोपलीया." एवढं बोलून तो पोरासारखा रडायला लागला.

मी त्याला जवळ घेतलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला जमलं नाही. मी डॉक्टरीणबाईंच्या गाडीत बसले आणि तालुक्याला गेले. वाटेत मी भ्याले. आठ माणसांसमोर वाघिणीसारखी बोलले होते, पण गाडीत बसल्यावर ते सगळं अवसान गेलं. त्या मुलीनं एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्यानं माझा हात धरला, तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

गाठ सापडली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला, पैंजणाच्या मोठ्या घुंगराएवढी. कशानं झाली विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. इतक्या वर्षांचा ज्योतीचा धूर असेल, मिश्रणाचा असेल, किंवा काहीच कारण नसेल. "विडी न ओढणाऱ्याला होत नाही असं समजू नका, एवढंच ध्यानात ठेवा," म्हणाल्या. कोल्हापुरात माझं ऑपरेशन झालं. यंत्राच्या हातांनी बरगड्यांमधून आत जाऊन वरचा तुकडा काढला. शेजारच्या एका ग्रंथीत थोड्या पेशी पळून गेलेल्या सापडल्या, म्हणून वर काही वर्षं रोज एक गोळी. तीच ती बटण धरणारी. ती घेतली की तोंडावर पुरळ येतं, कधी पोट बिघडतं. मी तिला टॉनिक म्हणते.

तोंडानं फुंकायचं मात्र संपलं. तेवढं एक मनाला लागलं. ज्या श्वासाचा मला तोरा होता तोच गेला. आता गॅसवर शिकतेय आणि शिकवणाऱ्या पोरीशी रोज भांडतेय.

इकडं नळ्या खोट्या निघाल्या म्हणून आठांचे परवाने बंद झाले होते. भरमूची भट्टी थंड, त्यामुळं तार नाही, कड्या नाहीत, घुंगरं नाहीत. लग्नसराई तोंडावर, आणि अख्खी गल्ली हातावर हात धरून बसलेली. काही बायका मला बोलायलाही आल्या, की तू गप्प बसली असतीस तर? मी म्हटलं, गप्प बसले असते तर मेले असते, मग काय करणार होतात? परत पुरणपोळ्या?

जिल्ह्याला अधिकाऱ्यांची बैठक झाली. डॉक्टरीणबाई मला घेऊन गेल्या. तिथं एक मोठे साहेब म्हणाले, लोकांनी यंत्राला फसवलं. मला राहवेना. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, खरं सांगणाऱ्याच्या पोटावर पाय देणार असाल तर खरं सांगायला कोण येणार? तुमचं यंत्र लाखाचं हाय. पण त्यात श्वास माणसानं सोडायचा असतोय. भीती घालाल तर असलाच उसना श्वास मिळंल तुम्हाला." बसले तेव्हा धाप लागली होती. डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं.

माझ्या बोलण्यानं सरकार हललं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईंनी आणि त्यांच्यासारख्या आणखी कुणीकुणी जोर लावला. शेवटी नियम बदलला. नळीचा निकाल फक्त ज्याचा त्याला आणि डॉक्टरला. परवान्याशी त्याचा संबंध नाही. आणि ज्योतीसमोर बसणाऱ्या बाईलाही नळी.

नवीन नळ्या आल्या त्या दिवशी मी आठही जणांना माझ्या सोप्यात बोलावलं आणि समोर पाट घेऊन बसले. म्हटलं, "हं. फुंका. माझ्यादेखत."

भूपालअण्णांनी तीनदा नळी तोंडाला लावून खाली ठेवली. "आक्का, उद्या फुंकतो. आज जरा कफ हाय."

"तोच हवाय त्यांना. फुंका."

फुंकली बिचाऱ्यानं. डोळे मिटून, णमोकार मंत्र म्हणत. एकेकानं फुंकली. सगळ्यांत शेवटी भरमू. त्याला दोनदा खोकला आला, पण त्यानं नळी तोंडातून काढली नाही.

निकाल ज्याचे त्याला कळवायचे होते. सात जण दोन दिवसांत हसत माझ्या दारात येऊन गेले. भरमूचं काहीच कळेना. मी विचारलं नाही. जीभ चावून बसले, पण विचारलं नाही.

मग एका दुपारी मी गॅसवर काम करत असताना तो आला. समोर बसला. मी ज्योत बंद केली.

"आक्का," तो म्हणाला, "मला कॅन्सर हाय."

त्यानं सर्दी म्हटलं नाही, उष्णता म्हटलं नाही. आमच्या घराण्यात हा शब्द ज्याचा त्यानं स्वतःच्या तोंडानं उच्चारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. ओरडायच्या, देवाचं नाव घ्यायच्या आधी माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"कुठला?"

"खपलीचा," तो म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज थोडा सरळ झाला. "मोठ्या नळीच्या अस्तरात हाय. अगदी वरच्यावर, खोल गेलेला न्हाई म्हणाल्या. तोंडातनं दुर्बीण आत घालून उजेडानं तिथल्या तिथं जाळता येतोय. विडी मात्र आजपासनं बंद. आणि तुझी गोळी मला चालायची न्हाई."

"कशी चालंल? माझा माझा, तुझा तुझा."

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. ह्या वेळी मी त्याला जवळ घेतलं. त्याच्या अंगाला भट्टीचा आणि विडीचा वास येत होता. मी त्याला भिऊ नको म्हणाले नाही. मीही भ्याले होते, आणि भ्यायल्यावरही गाडीत बसून जाता येतं हे मला माहीत झालं होतं.

"कधी जायचंय?"

"सोमवारी."

"मी येते. शालनला सांगितलंस?"

त्यानं मान हलवली. "न्हाई. आधी तुला सांगितलं. तिला काय सांगायचं ते..."

"हेच सांगायचं. जे मला सांगितलंस ते. ऊठ."

तो उठला. भिंतीपलीकडं शालनच्या भांड्यांचा आवाज येत होता. तो आपल्या घराच्या दारात जाऊन थांबला, मागं वळून त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि बायकोला हाक मारली.